अर्धा अंश

अँडरस्टॉर्पचा हा लांब सरळ पट्टा
एरवी विमानांचा.
आज आमचा.
ज्या डांबरावरून ती सुटून वर जातात
त्याच डांबराला आम्ही चिकटून राहायला बघतो.
पंख दोघांनाही लागतात,
आमचे तेवढे पालथे.

सकाळचे सहा. दलदलीवरचं धुकं अजून उठलेलं नाही.
थंड हवा जड असते, चांगली दाबून धरते.
दुपारी हीच पातळ होईल
आणि आत्ता लावलेलं सगळं थोडं चुकीचं ठरेल.
मी सिक्स्तेन. चाळीस वर्षं स्क्रूच्या कारखान्यात काढली,
आता शिंगं मोडून वासरांत,
आणि वासरं तरी कसली, वारा प्यालेली.

चार चाकांखाली चार वजनकाटे.
सीटवर यिल्वाच्या जागी वाळूच्या पिशव्या,
कारण रिकामी गाडी मापं खोटी देते;
माणूस बसला की ती तीन मिलिमीटर खचते.
मागच्या वर्षीची वही म्हणते: चौसष्ट किलो.
काल तिला काट्यावर उभं केलं, हेल्मेटसकट.
एकोणसाठ.
मी लिहून घेतलं. तिने बूट चढवले.
फेब्रुवारीत तिचा भाऊ गेला,
वहीत त्याला रकाना नाही.
एक पिशवी उचलून मी खाली ठेवली, पाच किलोची.
काँक्रीटवर ती बसून राहिली,
आत बोलावतील म्हणून दाराशी थांबलेल्या पाहुण्यासारखी.

आधी पुढचा पंख.
डावीकडे अकरा अंश, उजवीकडे अकरा पूर्णांक दोन.
दोन दशांश म्हणजे नखाएवढंही नाही,
पण ताशी दोनशेला नखही ओरबाडतं.
पाव आटा फिरवला. पुन्हा मोजलं. पुन्हा पाव.
पुढे जास्त दाब दिला तर शेपूट सुटते,
मागे जास्त दिला तर नाक वळायलाच मागत नाही.
आणि हवा फुकट काही देत नाही:
वळणात हात देते,
सरळ पट्ट्यावर त्याचे पैसे कापून घेते.

यिल्वा आली. हातात वेलदोड्याचा पाव,
एकच घास तोडलेला.
"मागचा पंख दोन अंश उतरव."
"का?"
"वेग हवाय."
मी तिच्याकडे बघितलं नाही, पान्याकडे बघितलं.
दोन अंश उतरवले तर ती विमानांच्या जवळ जाईल,
आणि पट्टा संपून वळताना
मागची चाकं कुणाचीच नसतील.
वेग हवा असणं आणि जमीन नको असणं,
कोनमापकाला यातला फरक कळत नाही.

"दोन," मी म्हणालो.
आणि अर्धा उतरवला.

मागच्या पंखाच्या पोटाला मी लोकरीचे धागे चिकटवले होते,
बायकोच्या उसवलेल्या स्वेटरचे, तांबडे.
हवा पंख धरून असली की ते गपगार झोपतात,
सुटली की फडफडतात.
कुंपणाशी उभा राहून मी ऐकत होतो.
गाडी दिसायच्या आधी आवाज आला,
मग गाडी, मग क्षणभर तांबडं काहीतरी,
सपाट.
माझा श्वास कुठेतरी अडकला होता, तो सापडला.

सात फेऱ्यांनी ती परतली. हेल्मेट काढलं.
"खोटारडा."
मी कापसाने हात पुसत राहिलो.
"दोन अंश असते तर इंजिन आणखी दोनशे फेरे चढलं असतं.
मला काय कळत नाही?"
"आणि वळण?"

ती काही बोलली नाही.
टायरच्या थप्पीवर ठेवलेला पाव घेतला,
कडक झालेला, त्यावर रबराची बारीक काजळी,
आणि उभ्याउभ्याच सगळा संपवला.

मी वहीत लिहिलं: मागचा पंख, उणे अर्धा.
वाळूची ती पिशवी गोदामात नेली नाही.
गाडीजवळच राहू दिली.
लागेल.